आडत कोणाच्या माथी?

केळीची गाडी भरून गेली की काही दिवसांनी शेतकऱ्याच्या हाती जो कागद पडतो त्याला आपल्याकडे पट्टी म्हणतात. वर मालाचे वजन व भाव, त्याखाली हमाली, तोलाई, आडत अशा एकेक वजावटी, आणि अगदी तळाशी हाती येणारी रक्कम. बऱ्हाणपूरपासून रावेर, सावदा, जळगावपर्यंतच्या तापीकाठच्या मुलखात ही पट्टी वाचण्यासाठी कोणाला शाळेत जावे लागत नाही. वाचणारा प्रथम तळाचा आकडा पाहतो आणि मग एकेक ओळ वर चढत जातो.

अलीकडे आपल्या नोकरदार घरांतही अशीच एक पट्टी येऊ लागली आहे. फक्त ती कागदावर नसून मोबाइलच्या पडद्यावर असते, आणि विकलेला माल केळीचा नसून घरातल्या रिकाम्या खोलीच्या एका रात्रीचा असतो. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा समुद्रापार गेली. वाड्याचा वरचा मजला कुलुपात पडला. तेव्हा त्यातल्या दोन खोल्या रंगवून, नवा संडास-बाथरूम बांधून त्या प्रवाशांना दिवसाच्या हिशेबाने द्याव्यात, असा विचार इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी झाला असेल. काहींनी तो अमलातही आणला असेल. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या योजनेत मालक स्वतः राहत असलेल्या घरातील १ ते ६ खोल्या, म्हणजे जास्तीत जास्त १२ खाटा, यासाठी नोंदविता येतात. मध्य प्रदेश शासनाची आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचीही अशा स्वरूपाची योजना आहे.

बऱ्हाणपुरास प्रवाशांचे नावीन्य नाही. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो येथे उतरला, तेव्हा त्यास सराईतल्या चार खोल्या देण्यात आल्या. त्या भट्टीसारख्या होत्या आणि भट्टीहून मोठ्या नव्हत्या, अशा अर्थाची तक्रार त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. (प्रवाशाने यजमानाविषयी अभिप्राय लिहून ठेवण्याची चाल आजची नव्हे, ती अशी.) ज्या वर्षी रोसाहेब आले त्याच वर्षाच्या सुमारास बांधलेला कुंडी भंडारा मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेला. १६३१ मध्ये मुमताजमहलचा अंत ज्या नगरीत झाला तो शाही किल्ला, जवळचा असीरगड, बोहरा समाजाची दर्गाह-ए-हकीमी, आणि खानदेशातून ओंकारेश्वर-उज्जैनकडे जाणाऱ्या यात्रेकरूंचा रस्ता हे सारे पाहता दोन खोल्यांना गिऱ्हाईक मिळणार नाही असे नाही. अडचण गिऱ्हाइकाची नसून पट्टीची आहे.

खोली प्रवाशापर्यंत पोहोचविण्याचे काम आज मोबाइलवरील कंपन्या करतात आणि त्याबद्दल सेवाशुल्क घेतात. ते किती घेतात यापेक्षा ते कोणत्या रीतीने घेतात, हे समजून घेणे यजमानाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

पहिली रीत वर्गणीची. अमेरिकेत १९९५ साली व्हीआरबीओ नावाचे संकेतस्थळ निघाले, तेव्हा घरमालकाने वर्षाची ठराविक रक्कम भरून घराची जाहिरात द्यायची आणि पुढील व्यवहार प्रवाशाशी परस्पर करायचा, अशी पद्धत होती. वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातीचाच हा अवतार. ते संकेतस्थळ २००६ मध्ये होमअवे कंपनीने घेतले, ती कंपनी २०१५ मध्ये एक्स्पीडियाने घेतली, आणि २०१६ पासून प्रवाशाकडूनही सेवाशुल्क घेणे सुरू झाले. जुने घरमालक संतापले. काही न्यायालयातही गेले. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही वर्षाची वर्गणी भरली ती आमच्या पाहुण्यांना मोफत व्यवहार करता यावा म्हणून. ज्याचे घर वर्षातून दोनशे रात्री भरते त्याला वर्गणी परवडते. पण आपल्याकडचे घर चाळीस किंवा ऐंशी रात्री भरले तरी पुष्कळ. त्याला शेकड्याने घेतलेले शुल्कच बरे, कारण पाहुणा आला नाही तर शुल्कही नाही.

दुसरी रीत विभागणीची. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन झालेल्या एअरबीएनबी कंपनीने ती रूढ केली. यजमानाकडून शेकडा ३ आणि प्रवाशाकडून सुमारे शेकडा १४. यजमानाला आपली कात्री जाणवतही नसे. तिसरी रीत एकाच बाजूने घेण्याची: प्रवाशाकडून स्वतंत्र असे काही नाही, सारे शुल्क यजमानाच्या रकमेतून. बुकिंग डॉट कॉमसारख्या कंपन्या प्रथमपासून याच रीतीने, साधारणपणे शेकडा १५ च्या आसपास, दलाली घेत आल्या आहेत. एअरबीएनबीने २७ ऑक्टोबर २०२५ पासून, जे यजमान आपल्या खोल्यांची व्यवस्था सॉफ्टवेअर जोडून पाहतात त्यांना विभागणीतून काढून एकेरी शुल्कात आणले, आणि ते शेकडा १५.५ ठेवले.

सॉफ्टवेअर म्हणजे मोठ्या हॉटेलांचा विषय, आपला काय संबंध, असे वाचकांना वाटेल. परंतु खोली दोन-तीन संकेतस्थळांवर घातली की एकच रात्र दोघांना विकली जाण्याचा प्रसंग येतो. दारात दोन कुटुंबे आणि खोली एक! तो टाळावा म्हणून पुण्याचा चिरंजीव सुट्टीत येऊन सर्व वेळापत्रके एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर जोडून देतो. सोय होते, पण त्या एका जोडणीने शुल्काची रीतच बदलते, याची वार्ता आई-वडिलांना पहिली पट्टी येईपर्यंत नसते.

आता हिशेब मांडू. खोलीचा दर रात्रीला २,००० रुपये धरा. खोलीवरील कर दोन्ही रीतींत सारखाच येतो म्हणून तो बाजूला ठेवू. सेवाशुल्कावर मात्र भारतात शेकडा १८ वस्तु व सेवा कर लागतो, तो धरलाच पाहिजे. विभागणीच्या रीतीत यजमानाचे ६० रुपये शुल्क आणि त्यावर १०.८० कर गेला, हाती १,९२९.२० आले. प्रवाशाने २,००० वर २८० शुल्क आणि त्यावरील ५०.४० कर असे २,३३०.४० दिले. एकेरी रीतीत यजमानाने दर तोच ठेवला तर ३१० शुल्क आणि ५५.८० कर गेला. हाती राहिले १,६३४.२०. रात्रीमागे २९५ रुपयांची तूट, आणि वर्षाला ऐंशी रात्री धरल्या तर २३,६००. प्रवाशाला खोली स्वस्त झाली, कंपनीला तिच्या वाट्याचे मिळाले, आणि मधला फरक कोणी भरला हे सांगायला नको.

तेव्हा दर वाढविणे आले. पण किती? माझ्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी (ते इतिहास शिकवीत, हे येथे सांगितले पाहिजे) सरळ वजाबाकी केली. पूर्वी ३, आता १५.५, वाढ साडेबारा, म्हणून दर साडेबारा टक्क्यांनी वाढवून २,२५० केला. त्यांच्या समजुतीप्रमाणे हिशेब मिटला. प्रत्यक्षात २,२५० वर शुल्क व कर मिळून ४११.५३ जातात आणि हाती १,८३८.४७ येतात. रात्रीमागे ९१ रुपये अजून कमीच. चूक कोठे झाली? शेकडा कशावर, हा प्रश्न विचारला गेला नाही. आठवीच्या वर्गात नफ्या-तोट्याची गणिते सोडविताना खरेदीवर शेकडा २५ नफा म्हणजे विक्रीवर शेकडा २०, हे आपण घोकून घेतो. तेच येथे आहे. कंपनीचा शेकडा वाढविलेल्या दरावर लागतो, म्हणून वाढीवरही कात्री चालते. शुल्क १५.५ आणि त्यावरील कर मिळून शंभरातून १८.२९ जातात, ८१.७१ उरतात. हाती जी रक्कम हवी तिला ०.८१७१ ने भागावे. १,९२९.२० हवे असतील तर दर २,३६१ येतो. शंभर हवे असतील तर १२२ रुपये ३८ पैसे मागावे लागतात. हा भागाकार एकदा करून भिंतीवर लावून ठेवला तरी पुरे.

ही रक्कम पूर्वी प्रवासी देत होता त्याहून फार निराळी नाही. २,३३० च्या जागी २,३६१. म्हणजे ज्याने दर नीट बदलला त्याला, प्रवाशाला आणि कंपनीला मिळून जवळजवळ तेच जग आहे. ज्याने बदलला नाही त्याच्यापुरते ते बदलले. मोठ्या हॉटेलात हे पाहायला कारकून असतो. वाड्यात सत्तरीतले आजोबा असतात आणि त्यांना कंपनीचे पत्र इंग्रजीत येते.

आणखी एक वजावट अशी की ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. शुल्क केवळ खोलीच्या भाड्यावर नसते. सफाईसाठी म्हणून जी वेगळी रक्कम लावतो तीही मुळात धरली जाते. चादरी धुणाऱ्याला आणि झाडलोट करणाऱ्या बाईंना मिळून ३०० रुपये लागतात म्हणून यजमानाने पाहुण्याकडून ३०० घेतले, तर विभागणीत त्यातून करासह १०.६२ जात, एकेरी रीतीत ५४.८७ जातात. धोब्याला ३०० च द्यायचे असतात. तो काही ५४ रुपये कमी घेणार नाही, घेऊही नयेत.

यावरून मूळ मुद्दा ध्यानात यावा. शुल्क आमदनीवर असते, शिलकेवर नसते. एका रात्रीचे पोहे-चहा, वीज-पाणी, धुणे, मजुरी मिळून ७०० रुपये खर्च धरला तर विभागणीत रात्रीमागे १,२२९ उरत होते. दर न बदलता एकेरीत आलो की ९३४ उरतात. शुल्काची वाढ ऐकायला साडेबारा टक्के, पण शिलकीचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. मे महिन्यात बऱ्हाणपूरचे ऊन पाहून प्रवासी फिरकत नाही, तेव्हा दर १,४०० वर आणावा लागतो; कूलरमुळे खर्च ८०० होतो; शुल्क व कर २५६ जातात; राहतात ३४४. एवढ्यासाठी पहाटे पाचला उठून पाहुण्यांना गरम पाणी द्यायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न आहे.

कराची गोष्टही थोडक्यात पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर शेकडा ५ वस्तु व सेवा कर आहे, पण त्यात आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून सेवाशुल्कावर गेलेले १८ टक्के गेलेच. ज्या यजमानाची वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या, सामान्यतः २० लाखांच्या, आत आहे त्याच्या वतीने खोलीवरचा कर कंपनीच गोळा करून भरते. आयकराची कपात १ ऑक्टोबर २०२४ पासून शेकडा १ वरून ०.१ वर आली.

आता आडतीकडे वळतो, कारण हा वाद आपल्या लोकांना नवा नाही. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. व्यापारी व आडत्यांनी व्यवहार बंद ठेवले. पुष्कळ गदारोळ झाला. शेतकऱ्याच्या पट्टीतून एक ओळ गेली, हे चांगलेच झाले. पण खरेदीदार बोली लावताना आपल्या डोक्यावरची आडत मनात धरूनच लावणार, हे कोणत्याही बागवानाला कळते. शुल्क कोणाच्या नावे लिहिले आहे यावर ते शेवटी कोण सोसतो हे ठरत नाही; ज्याची अडचण मोठी तो सोसतो. नाशवंत माल घेऊन उभा असलेला शेतकरी अडलेला असतो. रात्र हा तर केळीहून नाशवंत माल. आज न विकलेली खोली उद्या आजची म्हणून विकता येत नाही. म्हणून मंदीच्या दिवसांत एकेरी शुल्क यजमानाच्याच अंगावर राहते आणि गर्दीच्या दिवसांत, दिवाळीत किंवा सिंहस्थाच्या वर्षी, ते प्रवाशाकडे सरकते. वर्षभर एकच दर ठेवणाऱ्याला दोन्हीकडून तोटा.

मग कंपन्या एकेरी रीतीकडे का वळत आहेत? प्रवाशाला आरंभी एक किंमत दाखवायची आणि पैसे भरण्याच्या वेळी शुल्कामागून शुल्क चढवीत जायचे, या प्रकारावर जगभर बोट ठेवले जाऊ लागले आहे. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रीतींचे तेरा प्रकार सांगितले. त्यांत ड्रिप प्रायसिंग हा एक. ठिबक सिंचन केळीला उपकारक असेल, पण किमतीचे ठिबक गिऱ्हाइकाला नाही. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून अल्पकालीन निवासाची पूर्ण किंमत प्रारंभीच दाखविणे सक्तीचे झाले. प्रवाशाच्या बाजूने हे न्याय्यच आहे, आणि मी स्वतः प्रवासी म्हणून त्याचे स्वागत करतो. पूर्वी प्रवाशाला त्रास देणारी ओळ आता यजमानाच्या पट्टीत येऊन बसली, इतकेच.

कंपनी काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बंगळूरच्या अनोळखी कुटुंबाला बऱ्हाणपूरच्या गल्लीतल्या वाड्यापर्यंत आणणे, पैसे मधल्या मध्ये सुरक्षित धरणे, दोघांची एकमेकांविषयीची मते नोंदविणे, हे काम आहे आणि कामाला मोल आहे. आडत्याही उचल देत असे, अडीनडीला उभा राहत असे. आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. काही कंपन्या करारात अशी अट घालीत, की आमच्याकडे जो दर लावला त्याहून कमी दर तुम्ही अन्यत्र लावता कामा नये. म्हणजे दलाली वाचवून दारी आलेल्या पाहुण्याला स्वस्तात खोली देण्याची वाट बंद. भारतीय स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ रोजी मेकमायट्रिप-गोआयबिबो या जोडकंपनीस २२३.४८ कोटी रुपयांचा दंड केला, त्यात हॉटेलांवरील या अटीचा विषय होता. त्याच निर्णयात ओयोला १६८.८८ कोटींचा दंड झाला. स्पेनच्या स्पर्धा आयोगाने बुकिंग डॉट कॉमला २०२४ मध्ये ४१ कोटी ३० लाख युरोंहून अधिक दंड केला. एवढे मोठे व्यापारी लढतात ते त्या एका अटीसाठी, यावरूनच तिचे महत्त्व समजावे. आपल्या करारात ती आहे का, हे खोली नोंदविण्यापूर्वी वाचून घ्यावे. मुलाकडून वाचून घेतले तरी चालेल, पण त्याला घाई नसेल तेव्हा.

पंढरपूर, त्र्यंबकेश्वर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या घरी यजमान-कुळांच्या वह्या असत. आजोबा उतरले त्याच घरी नातू उतरे, कारण नाव-गाव उपाध्यायांच्या फडताळात लिहिलेले असे. आज पाहुण्यांची वही कंपनीकडे आहे. पाहुणा संतुष्ट होऊन गेला तरी पुढच्या खेपेस तो तुमच्या वाड्याचे नाव आठवून नव्हे, तर त्याच पडद्यावर शोधून येतो, आणि शुल्क पुन्हा पहिल्याइतकेच बसते. कंपनीमार्फत आलेल्या पाहुण्याला पुढील खेपेस परस्पर या असे सांगण्यास काही कंपन्यांच्या नियमांत मनाई असते. करार केला आहे तर तो पाळावा, हे माझे मत. परंतु विवाहकार्याला आलेले वऱ्हाड, महाविद्यालयातील जुने स्नेही, शेजाऱ्यांचे पाहुणे, बँकेतील बदलीवर आलेले अधिकारी ही मंडळी कोणत्याही पडद्यावरून येत नाहीत. त्यांची नावे लिहायला दोन रुपयांची वही पुरते, आणि बऱ्हाणपूरसारख्या गावात वर्षाच्या ऐंशी रात्रींपैकी तीस तरी अशा निघू शकतात.

माझ्या त्या सहकाऱ्यांनी भागाकार करून आता दर २,३७५ ठेवला आहे, सफाईची रक्कम वेगळी न लावता दरातच धरली आहे, आणि मे महिन्यात ते खोल्या संकेतस्थळावरून काढून घेतात. त्या दिवसांत पुण्याची नातवंडे येतात. वरचा मजला त्यांना लागतो.